माळ्यावरची ट्रंक आणि चार अब्ज डॉलर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात एक प्रश्न नेमाने उपस्थित होतो. "ती ट्रंक यंदा तरी रद्दीत जाणार आहे का?" प्रश्न विचारणार आमच्या सौ. आणि उत्तर द्यायचे मी. उत्तर गेली तीस वर्षे एकच आहे, "पाहू." १९९४ साली आम्ही महालातले भाड्याचे घर सोडून मनीषनगरात राहायला आलो, तेव्हा ती ट्रंक सामानाच्या टेंपोतून सर्वांत शेवटी उतरली आणि सर्वांत आधी माळ्यावर गेली. तेव्हापासून दरवर्षी साफसफाईच्या दिवशी ती खाली येते, पुसली जाते आणि चकल्यांचा घाणा तळून होण्याच्या आत पुन्हा वर जाते.

ट्रंक माझ्या थोरल्या भावाची. तीत काय आहे म्हणाल, तर चांदोबाचे अंक, इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा, काही कव्हरे गेलेली, काहींना गव्हाच्या खळीने चिकटवलेली. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. बाजारात ह्या ऐवजाची किंमत काय येईल हे मला ठाऊक नाही. रद्दीवाल्याने मात्र एकदा ट्रंक रिकामी करून मागितली होती, कारण त्याला नुसती ट्रंक हवी होती.

यंदा गोष्ट निराळी झाली. ट्रंक खाली आली ती आठ दिवस वर गेलीच नाही, आणि त्याला कारण माझी नात.

नात चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. गेली दोन वर्षे ती एक चित्रमालिका काढते आहे. तिची नायिका आहे रेल्वेच्या फाटकावरची एक म्हातारी. मनीषनगरच्या रहिवाशांना ह्या कल्पनेचा उगम सांगायला नको. उड्डाणपूल २०२० साली झाला. त्याआधी वर्धा रोडकडे जायचे तर फाटक ओलांडावे लागे, आणि घाई असेल त्या दिवशी ते हमखास पडलेले असे. लहानपणी शाळेच्या गाडीत बसून ह्या पोरीने त्या फाटकाशी जितका काळ काढला, तितका बहुधा अभ्यासाशी काढला नसेल. तिच्या चित्रांतली म्हातारी फाटक पाडते तेव्हा नुसत्या मोटारी थांबत नाहीत, वेळच थांबतो. आणि थांबलेल्या वेळात ती लोकांची अडलेली कामे उरकून टाकते. एखाद्या पोराचा विसरलेला डबा पोहोचवते, भांडून निघालेल्या सुनेच्या पिशवीत लाडू ठेवते. फाटक उघडले की कोणाला काही कळत नाही. मला स्वतःला ही म्हातारी फार आवडते. आजोबा म्हणून नव्हे, फाटकाशी थांबलेला माणूस म्हणून आवडते.

तर एके संध्याकाळी ही नात धावत आली आणि म्हणाली, "आबा, एक कंपनी माझ्या आजीला विकत घेतेय!"

स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आल्या. "कोणाला विकताय?"

खुलासा झाला, हसणे झाले. मग नातीने कागद पुढे केला. चित्रपट आणि मालिका काढणाऱ्या एका कंपनीचा करारनामा होता. नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही. एकरकमी साठ हजार रुपये. त्या बदल्यात म्हातारीचे सर्व हक्क, सर्व जगभर, कायमचे, "आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात निघणाऱ्या सर्व माध्यमांत."

वाचकहो, माझी सारी नोकरी महालेखाकाराच्या कार्यालयात गेली. दुसऱ्यांच्या कागदातली बारीक अक्षरे वाचणे हाच माझा धंदा. "कायमचे" हा शब्द दिसला की माझा हात अजूनही तांबड्या पेन्सिलीकडे जातो. पण पोरीच्या डोळ्यांत साठ हजारांची दिवाळी दिसत होती. तिला चित्रे काढायची पाटी घ्यायची आहे, कॉम्प्युटरला जोडतात ती, आणि ती स्वस्त नाही. मी तिला "नको" म्हटले नाही. म्हटले, "सही चार दिवसांनी कर. आधी ही ट्रंक पाहू."

तेव्हा कुठे तिला कळले की आजोबा त्या ट्रंकेत कागद जपत नव्हते, हिशोब जपत होते. तोच हिशोब मी तिला मांडून दाखवला, आणि तोच इथे मांडतो.

जमेची बाजू आधी. जगातली ह्या धंद्यातली सर्वांत गाजलेली खरेदी म्हणजे डिस्नेने मार्व्हल घेतली ती. ३१ ऑगस्ट २००९ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पुरी झाली. किंमत सुमारे चार अब्ज डॉलर. त्या वेळच्या भावाने एकोणीस-वीस हजार कोटी रुपये! आता हिशोबनिसाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की एवढ्या पैशांत माल काय मिळाला? छापखाना? नाही. कागदाची गोदामे? नाही. मिळाली ती पाच हजारांहून अधिक पात्रे. म्हणजे कागदावरची माणसे. त्यांना पगार नाही, पेन्शन नाही, ती आजारी पडत नाहीत, म्हातारी होत नाहीत आणि संप करीत नाहीत. मालकाच्या दृष्टीने असा नोकरवर्ग पृथ्वीतलावर दुसरा नाही.

ह्याच मार्व्हलचे दिवाळे १९९६ च्या डिसेंबरात निघाले होते, हे नातीला खरे वाटेना. पण तसे झाले होते खरे. १९३९ साली मार्टिन गुडमन नावाच्या मासिकवाल्याने काढलेला हा धंदा. १९६१ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी ह्यांनी 'फँटॅस्टिक फोर' काढले, पुढच्या वर्षी ली आणि स्टीव्ह डिटको ह्यांनी कोळ्याच्या जाळ्यावरून लोंबकळणारा पोरगा काढला, आणि भरभराट झाली. १९६८ साली गुडमनने घर विकले. घेणाऱ्या कंपनीचे नाव परफेक्ट फिल्म अँड केमिकल. म्हणजे औषधे, रसायने आणि स्पायडरमॅन एका छपराखाली! पुढे १९८९ साली रोनाल्ड पेरेलमन ह्या धनिकाने ती सव्वाआठ कोटी डॉलरांना घेतली, कर्जाचे डोंगर रचले आणि सात वर्षांत कोर्टाची पायरी आली. तंगीच्या दिवसांत चित्रपटाचे हक्क तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. कोळी सोनीकडे गेला, एक्स-मेनची मंडळी फॉक्सकडे. घरातली भांडी एकेक करून मोडीत निघावीत तसा प्रकार.

मग ह्या लोकांनी जे केले ते माझ्यासारख्या हिशोबनिसाला सर्वांत चटका लावणारे आहे. २००५ साली त्यांनी एका बँकेकडून साडेबावन्न कोटी डॉलरांपर्यंतची कर्जाची सोय करून घेतली आणि तारण म्हणून दिली पात्रे! कॅप्टन अमेरिका वगैरे दहा नावांचे चित्रपटाचे हक्क. आपल्याकडे पाटल्या-बिलवर गहाण पडतात, शेत गहाण पडते, क्वचित शब्दही गहाण पडतो. पण कागदावर काढलेला ढालकरी गहाण ठेवून चित्रपट काढायला पैसे उभे राहिले, हे मी प्रथम वाचले तेव्हा दोनदा वाचले. चित्रपट चालले नसते तर बँकेला ती पात्रेच न्यावी लागली असती. बँकेच्या तिजोरीत ढाल! पण २००८ साली 'आयर्न मॅन' चालला, नुसता चालला नाही तर धावला, आणि वर्षभरात डिस्ने दारात उभी राहिली.

"म्हणजे विकणं चांगलंच की, आबा," नात म्हणाली.

"कोणाला चांगलं?" मी विचारले.

कारण खर्चाची बाजू अजून व्हायची होती. जॅक कर्बी हा खरेदी पाहायला नव्हता. तो १९९४ सालीच वारला. हजारो पाने काढणारा हा माणूस पानाच्या हिशोबाने मोबदला घेई, आणि पात्रांची मालकी कंपनीची. पुढे पुढे तर मार्व्हलमध्ये चेकच्या पाठीवरच हक्क दिल्याचा मजकूर छापलेला असे. चेक वटवण्यासाठी मागे सही केली की हक्कही वटला. डिस्नेची बातमी जाहीर झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात कर्बीच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा बजावल्या. खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टात हरले. प्रकरण तेथल्या सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत गेले आणि २०१४ साली आत शिरण्याआधी तडजोड झाली. किती रकमेवर झाली ते जाहीर नाही. पडद्यावर आणि पानावर कर्बीचे नाव मात्र ठळकपणे येऊ लागले.

त्याहून जुनी गोष्ट सुपरमॅनची. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही दोन पोरे, एक लिहिणारा आणि एक काढणारा. १९३८ साली त्यांनी पहिली गोष्ट आणि तिच्याबरोबर सुपरमॅनही एकशे तीस डॉलरांना विकला. दोघांत वाटून घेतले म्हणजे पासष्ट-पासष्ट. त्या दिवशी ती दोघे खूश असतील ह्याबद्दल मला शंका नाही. आमच्या घरात परवा एक पोरगी खूश होती तशीच. १९६७ साली सुपरमॅनचे प्रकाशक किनी नावाच्या कंपनीने घेतले. ह्या किनीचा मूळ धंदा ऐकण्यासारखा आहे. मोटारी उभ्या करण्याच्या जागा आणि अंत्यसंस्काराची सोय! दोन वर्षांनी तिने वॉर्नर ब्रदर्स ही चित्रपट कंपनीही घेतली. १९७५ साली सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालली असता सीगलने वर्तमानपत्रांकडे गाऱ्हाणे नेले. गवगवा झाला, तेव्हा दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलरांचे पेन्शन आणि चित्राखाली नाव मिळाले. सदतीस वर्षांनी. कोर्टाने दिले म्हणून नव्हे. वॉर्नरला लाज वाटली म्हणून.

इथपर्यंत अमेरिका झाली. आता ट्रंकेत हात घालू.

वरच चांदोबा होता. खरे तर ते कॉमिक नव्हे, सचित्र मासिक. पण चित्रांवाचून त्याची कल्पनाही करवत नाही. आणि त्याची कथा उलट्या टोकाने सुरू होते. तिथे करमणुकीच्या कंपनीने मासिक विकत घेतले नाही. सिनेमावाल्यांनीच ते जन्माला घातले. मद्रासचे बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी, म्हणजे 'पाताळ भैरवी' आणि 'मायाबाजार' काढणारी जोडी. त्यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळ 'चंदामामा' काढला, आणि १९५२ साली त्याचा मराठी चांदोबा झाला. महालातल्या आमच्या वाड्यात तो एकाच घरी येई आणि सात घरी वाचला जाई. विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत, हातात उपसलेली तलवार, मागे झाडांच्या मुळ्या. ते चित्र काढणारे शंकर. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. मला त्यांचे नाव पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. चित्र मात्र डोळे मिटून सांगता आले असते. २०२० साली ते नव्वदी ओलांडून वारले आणि पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

ह्या चांदोबाला २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक नावाच्या कंपनीने घेतले. कंपनी कॉम्प्युटरच्या कार्यक्रमांचा धंदा करणारी. जुनी चित्रे, जुन्या गोष्टी, डझनभर भाषा, घरोघरचे प्रेम. हे सारे नव्या यंत्रांत ओतले की नाणी पडतील असा हिशोब असावा, आणि कागदावर तो चूक नव्हता. पण पुढे ती कंपनीच कर्जात बुडाली. २०१३ च्या सुमारास चांदोबा निघेनासा झाला. मासिकात दोष नव्हता, वाचकांनी पाठ फिरवून खून केला असेही नव्हे. घर ज्याच्या नावावर, त्याच्या सावकाराने कुलूप लावले, आणि आत कोण राहते ते कुलपाने पाहिले नाही. साठ-पासष्ट वर्षांचा वेताळ कंपनीच्या कर्जाखाली गाडला गेला. ह्या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही.

त्याखाली इंद्रजाल. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी ते सुरू केले. जंगलात राहणारा मुखवटेधारी वेताळ, जादूगार मँड्रेक. ही मंडळी मुळात अमेरिकेतल्या सिंडिकेटची. आपल्याकडे भाड्याने आलेली. १९९० साली प्रकाशकांनी दुकान बंद केले, तेव्हा पात्रे आपल्या घरी परत गेली. आपल्याकडे उरले काय? १९७६ साली आबिद सुरती ह्यांनी निर्माण केलेला 'बहादुर' आणि ट्रंकेतली जीर्ण पाने. भाड्याच्या घराची गोष्ट अशीच असते. चुना आपण लावायचा, भिंत दुसऱ्याची.

इंद्रजालच्या उभारणीत कारकळचे अनंत पै होते, आणि त्यांनीच १९६७ साली अमर चित्र कथेचा घाट घातला. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अनेकांना माहीत आहे. दिल्लीत टेलिव्हिजनवर मुलांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालला होता. ग्रीक देवांची नावे मुलांनी पटापट सांगितली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. मुंबईच्या इंडिया बुक हाउसचे मीरचंदानी पाठीशी उभे राहिले, आणि पै सर्व मुलांचे 'अंकल पै' झाले. चित्रकारांत आपली माणसे किती! 'कृष्ण' काढणारे राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. आतल्या पानावर बारीक टाइपात चित्रकाराचे नाव असे. दादाने मला ते वाचायला शिकवले. "गोष्ट मागाहून वाच, आधी हात कोणाचा ते पाहा," असे तो म्हणे. मुळीकांची माणसे उभी राहिली की त्यांच्या खांद्यांवरून ओळखू येत, आणि वाईरकरांचे प्राणी माणसांपेक्षा शहाणे दिसत.

१९८० साली 'टिंकल' निघाले. त्यातला भोळा सुपंडी पुन्हा वाईरकरांच्या हातचा, आणि डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी शंभू वसंत हळबे ह्यांचा. पुढे १९९० च्या आगेमागे घरोघरी केबल आली, नव्या अंकांचा ओघ आटला. मग २००७ साली एसीके मीडिया नावाच्या नव्या कंपनीने अमर चित्र कथा आणि टिंकल ही दोन्ही इंडिया बुक हाउसकडून घेतली. २०११ साली त्या कंपनीत फ्यूचर समूहाने मोठा वाटा घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंकल पै गेले.

आता इथे हिशोबाची एक मजेदार गाठ आहे. अमर चित्र कथा विकत घेतली म्हणजे नेमके काय घेतले? कृष्ण कोणाला विकता येत नाही. शिवाजीमहाराज कोणाच्या खतावणीत बसत नाहीत. सीता, कर्ण, तेनालीराम, बिरबल ही सर्वांची मालमत्ता. उद्या तुम्ही-आम्ही त्यांची पुस्तके काढू शकतो. विकला गेला तो वाईरकरांनी काढलेला कृष्ण, मुळीकांच्या घोड्यावर बसलेला शिवाजी, ती विशिष्ट रेघ आणि तो विशिष्ट रंग. उलट सुपंडी आणि शंभू मात्र सबंधच्या सबंध कंपनीचे. देवांपेक्षा सुपंडीवर मालकी पक्की, ही गोष्ट मी सांगितली तेव्हा सौ. म्हणाल्या, "मग देव सुटले म्हणायचे."

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर ही विक्री वाईट झाली असे मी म्हणणार नाही. अमर चित्र कथा जिवंत राहिली. जुनी पुस्तके नव्या बांधणीत आली, महाभारताचे जाडजूड खंड आले, नवे अंक निघू लागले, गोष्टी पडद्यावर गेल्या. चांदोबा त्याच साली विकला गेला आणि मेला. अमर चित्र कथा त्याच साली विकली गेली आणि जगली. दोन्ही २००७. एका घरात गेलेली सून सुखी झाली, दुसऱ्या घरातली झाली नाही. लग्नच वाईट असे कसे म्हणावे?

"पण आबा, मी काय करू ते सांगा ना," नात म्हणाली. तिचा मुद्दा बरोबर होता. माझा मुलगा, तिचा बाप, तोही तिथेच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, साठ हजार कोण देतं आजकाल विशीतल्या पोरीला? न विकली तर म्हातारी ट्रंकेतच जाणार आहे." ह्यावर मला चटकन उत्तर सुचले नाही, कारण तेही बरोबर होते.

दुसरे दिवशी मी कायद्याचे पुस्तक काढले. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा; २०१२ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. सामान्य माणसाने वाचावा इतका तो उपयोगी आहे, आणि चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या मुलांच्या आईबापांनी तर वाचावाच. त्यातल्या चार गोष्टी मी नातीला सांगितल्या. नोकरीत असताना नोकरीचे काम म्हणून काढलेले चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचे. पण स्वतंत्रपणे, स्वतःच्या मनाने काढलेले चित्र काढणाराचेच, आणि ते लेखी कागदावाचून दुसऱ्याचे होत नाही. दुसरे, कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असे कायदा धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. तिसरे, घेणाराने वर्षभर त्या हक्काचा उपयोगच केला नाही, तर तो हक्क सुटतो. मात्र कागदात उलट लिहिले असेल तर नाही सुटत. चौथी गोष्ट मला सर्वांत गोड वाटली. सर्व हक्क विकून टाकले तरी "हे मी काढले आहे" असे म्हणण्याचा हक्क काढणारापाशी राहतो.

आता कळले ना, "कायमचे", "सर्व जगभर", "भविष्यात निघणाऱ्या माध्यमांत" हे शब्द करारनाम्यात का घातलेले असतात? कायद्याने जिथे जिथे काढणारासाठी दार किलकिले ठेवले आहे, तिथे तिथे हे शब्द एकेक कडी घालतात. वकील मंडळी उगाच शाई खर्च करीत नाहीत.

आम्ही दोघांनी बसून उत्तर तयार केले. मी मसुदा सांगितला, तिने टंकला. मुदत सात वर्षे. दोन वर्षांत काही निघाले नाही तर म्हातारी घरी परत. प्रत्येक ठिकाणी निर्मातीचे नाव. रक्कम साठाऐवजी चाळीस चालेल, पण चित्रपट, खेळणी, वह्या, डबे जे काही विकले जाईल त्यात वाटा. चाळीसच्या आकड्याशी पोरीचा हात थांबला. वीस हजार म्हणजे तिच्या पाटीची अर्धी किंमत. तिने एकदा बापाकडे पाहिले आणि टंकले.

आठवड्याने उत्तर आले. नाव घालू, मुदतीबद्दल बोलू, वाट्याचा मुद्दा "विचाराधीन" आहे. सरकारी कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाला "विचाराधीन" ह्या शब्दाचा अर्थ सांगायला नको. पण मी तो तिला सांगितला नाही. हा लेख संपादकांकडे धाडतो आहे तोवर पुढचे पत्र आलेले नाही. सही झालेली नाही. पाटीही आलेली नाही. म्हातारी कागदावर पेन्सिलीनेच निघते आहे, आणि परवाच्या चित्रात तिने फाटक पाडून लक्ष्मीपूजनाची वेळ थोडी लांबवली आहे, कारण कोणाचा तरी मुलगा अजून गाडीत आहे.

एक गोष्ट राहिली. वह्या आणि डब्यांवरचा वाटा मी त्या मसुद्यात का घातला, असे मुलाने मला विचारले होते. त्याला मी ट्रंकेच्या तळातून एक जुनी वही काढून दाखवली.

माझा दादा विशीत असताना इथल्याच एका छोट्या बालमासिकासाठी चित्रे काढी. चष्मा लावलेला एक बोका त्याने निर्माण केला होता. तो बोका वर्तमानपत्र वाची आणि उंदरांना भविष्य सांगे. एका चित्राचे दादाला पाच रुपये मिळत आणि ते मिळाले की आम्ही बर्डीवर जाऊन आलुबोंडे खात असू. कागद केलेला नव्हता, करायचा असतो हे कोणाला ठाऊक नव्हते. मासिक बंद पडले, छापखाना ब्लॉकांसकट विकला गेला. वर्ष-दीड वर्षाने जून महिन्यात दादा माझ्यासाठी शाळेच्या वह्या घेऊन आला. डझनभर वह्या, आणि प्रत्येकीच्या कव्हरवर चष्मेवाला बोका. दुकानदाराला त्याने पूर्ण पैसे मोजले होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, हे तर तुझं मांजर." दादा म्हणाला, "हो, छपाई चांगली झालीय." एवढेच. पुढे तो विमा कंपनीत लागला आणि चित्रे काढायची त्याने सोडून दिली. आम्हाला वाटले, वेळ मिळत नसेल.

नातीने ती वही हातात घेतली. बोका बराच वेळ पाहिला. "मस्त रेघ आहे," म्हणाली. मग तिने कव्हर उलटे केले, तिथे बे ते तीसचे पाढे होते. पुन्हा सुलटे केले. "मोठ्या आबांचं नाव कुठंय ह्यावर?"

कव्हरवर एकच नाव होते. बोक्याच्या पायाशी छापलेल्या चौकटीत, शाईच्या पेनाने, माझ्या तेव्हाच्या अक्षरात: माझे नाव, इयत्ता नववी, तुकडी ब.